कुरआनातल्या शपथा: प्रश्न जुनेच, आणि घरचेच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मध्यंतरी एका वाचकाने कुरआनातल्या शपथांबद्दल तीन प्रश्न विचारले होते. सर्वशक्तिमान ईश्वरावर शपथ घेण्याची पाळी का यावी? अंजीर, जैतून (ऑलिव्ह), तारे, दौडणारे घोडे यांच्या शपथा म्हणजे जुन्या निसर्गपूजेचंच उरलंसुरलं नाही का? आणि मुसलमानाला अल्लाहखेरीज कुणाचीही शपथ घ्यायला मनाई असेल, तर खुद्द ग्रंथात ती कशी? लगेच त्याला एक उत्तरही छापून आलं. उत्तर देणाऱ्या गृहस्थांनी प्रश्न खोडसाळ ठरवले, श्रद्धेचा मान राखा म्हणून बजावलं आणि विषय मिटवला. मला प्रश्नांपेक्षा या उत्तराचा जास्त राग आला. कारण हे तिन्ही प्रश्न मुसलमान भाष्यकारांनीच शेकडो वर्षांपूर्वी विचारून ठेवले आहेत, आणि तेही पत्रलेखकापेक्षा जास्त धार लावून.

मी अरबी शिकवत असे. माझ्याकडे येणारी बरीच मुलं लहानपणी अम्मा पारा पाठ करून आलेली असत. कुरआनाचा हा शेवटचा, तिसावा भाग. सूरा, म्हणजे प्रकरणं, छोट्या आणि लयदार, म्हणून पाठांतर तिथूनच सुरू होतं. शपथांची गर्दीही तिथेच आहे. पहाटेची शपथ, दहा रात्रींची, सम आणि विषमाची, सूर्याची, चढत्या उन्हाची, अंजिराची. मुलं घडाघडा म्हणून दाखवत. मग मी विचारी, ही शपथ घेऊन पुढे सांगितलंय काय? वर्ग गप्प. दोष मुलांचा नव्हता. त्यांना पाठ करवून घेणाऱ्यांनाही कुणी हे विचारलं नव्हतं.

पहिला प्रश्न घेऊ. 1505 साली कैरोत निधन पावलेल्या जलालुद्दीन सुयूतींनी कुरआनविषयक शास्त्रांचा एक मोठा कोश रचला. त्यात 80 प्रकरणं आहेत आणि 67वं शपथांवर आहे. तिथे ते आक्षेप मांडतात तो असा: ही शपथ श्रद्धावंतासाठी असेल तर त्याला ती नकोच, तो नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवतो, आणि नाकारणाऱ्यासाठी असेल तर तिचा उपयोग नाही, तो शपथेनेही मानणार नाही. म्हणजे दोन्ही दारं बंद. आपल्या पत्रलेखकाने यातलं एकच दार ठोठावलं होतं.

सुयूती दोन उत्तरं देतात. एक साधं आहे: कुरआन अरबांच्या भाषेत उतरला आणि एखादी गोष्ट ठासून सांगायची तर शपथ घेणं ही अरबांची रीत होती. दुसरं उत्तर अबुल कासिम कुशैरी या जुन्या विद्वानांचं. वादाचा निवाडा दोन वाटांनी होतो, साक्षीने किंवा शपथेने. ईश्वराने आपल्या ग्रंथात दोन्ही ठेवल्या, म्हणजे कुणाला सबब उरू नये. तिसऱ्या सूरेच्या 18व्या आयतीत (ओळीत) तो आपल्या एकत्वाची साक्ष देतो आणि दहाव्या सूरेच्या 53व्या आयतीत पैगंबरांना सांगतो, 'हो, माझ्या रब्बची (प्रभूची) शपथ, हे खरं आहे' असं म्हण.

याच संदर्भात अस्मई या भाषापंडिताच्या नावावर एक गोष्ट सांगितली जाते. एका बदूने, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाने, 51व्या सूरेतली आयत ऐकली, 'आकाशाच्या आणि धरतीच्या रब्बची शपथ, हे सत्य आहे'. ऐकताच तो ओरडला, 'त्या महान प्रभूला एवढा राग कुणी आणला, की त्याला शपथ घ्यावी लागली?' त्या बदूला पत्रलेखकाचाच प्रश्न पडला होता. फक्त त्याने ठपका ऐकणाऱ्यांवर ठेवला. भाष्यकारांनी ही गोष्ट कौतुकाने पुढे पोचवली. कुणी त्याला खोडसाळ म्हटलं नाही.

मनाईचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत, प्रसंग आहे. पैगंबरांचे सहकारी हजरत उमर प्रवासात आपल्या वडिलांची शपथ घेत होते, ते पैगंबर साहेबांच्या कानी पडलं. त्यांनी सांगितलं, पूर्वजांच्या शपथा घेऊ नका. ज्याला शपथ घ्यायची असेल त्याने अल्लाहची घ्यावी, नाहीतर गप्प राहावं. मग सूर्याची शपथ कशी? हसन बसरी या जुन्या विद्वानांच्या नावे सांगितलं जाणारं उत्तर असं की निर्माता आपल्या निर्मितीपैकी कशाचीही शपथ घेऊ शकतो, निर्मिलेल्याने मात्र निर्मात्याचीच घ्यावी. काहींनी वेगळी वाट काढली. 'सूर्याची शपथ' म्हणजे 'सूर्याच्या रब्बची शपथ', मधला शब्द गाळलेला आहे. व्याकरणात हे बसतं, पण मला ही पळवाट वाटते. 91व्या सूरेत सूर्य, त्याचं ऊन, चंद्र, दिवस, रात्र, आकाश, धरती आणि माणसाचा जीव अशी शपथांची रांगच लागली आहे. प्रत्येक ठिकाणी एक न दिसणारा शब्द घुसवत गेलं की त्या रांगेचा सगळा जोर ओसरतो. शिवाय जिथे ईश्वराला स्वतःची शपथ घ्यायची होती तिथे ती उघड घेतलेली आहे. सुयूतींनी अशा सात जागा दिल्या आहेत.

आता दुसरा प्रश्न, निसर्गपूजेचा. तो वाटतो तितका उथळ नाही. शपथ ज्याची घ्यायची त्याची थोरवी मान्य केलेली असते, ही समजूत भाष्यकारांपैकी अनेकांची होती. कुशैरी म्हणतात, शपथ एकतर वस्तूच्या श्रेष्ठत्वामुळे किंवा तिच्या उपयोगामुळे. सीनाई पर्वत आणि मक्का श्रेष्ठत्वामुळे, अंजीर आणि जैतून उपयोगामुळे. एवढ्यावर थांबलं तर पत्रलेखकाचा आक्षेप अर्धामुर्धा शिल्लक राहतो. मग प्रत्येक गोष्टीचे गुण शोधत बसावं लागतं, आणि तसे बसलेलेही बरेच आहेत. अंजिराच्या औषधी गुणांवर मोठमोठे परिच्छेद सापडतात.

पण परंपरेत दुसरा एक धागा आहे, आणि हे पत्र मी त्याच्यासाठी लिहिते आहे. 51व्या सूरेच्या सुरुवातीला धूळ उडवणाऱ्या वाऱ्यांची, पाण्याचं ओझं वाहणाऱ्या ढगांची शपथ आहे. तिथे भाष्यकार फख्रुद्दीन राझी म्हणतात की या सगळ्या शपथा खरं तर पुरावे आहेत, फक्त शपथेच्या रूपात मांडलेले. ते उदाहरण देतात: एखादा माणूस आपल्या उपकारकर्त्याला म्हणतो, 'तुमच्या असंख्य उपकारांची शपथ, मी सदैव कृतज्ञ राहीन.' इथे उपकार ही नुसती शपथेची वस्तू नव्हे, कृतज्ञतेचं कारणच ते आहेत. तसंच इथे. जो वाऱ्याला आणि पावसाला चालवतो तो मेलेल्यांना उठवू शकतो, आणि त्या शपथा घेऊन पुढे सांगितलंय ते नेमकं हेच आहे: तुम्हाला दिलेला वायदा खरा आहे, न्याय होणार आहे.

राझींनी तिथे आणखी एक गोष्ट सांगितली आहे. खोटी शपथ घरदार उजाड करते अशी अरबांची पक्की समजूत होती. पैगंबर मात्र शपथांवर शपथा ऐकवत राहिले आणि त्यांचं पाऊल उलट घट्ट होत गेलं. त्या काळच्या ऐकणाऱ्याला हेही काहीतरी सांगून जात होतं. आजच्या वाचकाला हा पुरावा वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण शपथ कुणाच्या कानांसाठी होती हे त्यातून कळतं.

राझींनंतर सुमारे दीडशे वर्षांनी दमिश्कच्या इब्न कय्यिम यांनी (मृत्यू 1350) केवळ शपथांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांची पद्धत अशी की शपथ कशाची आणि कशाबद्दल, या दोहोंचा सांधा शोधायचा. 93व्या सूरेचं उदाहरण घ्या. काही काळ पैगंबरांवर वही, म्हणजे ईश्वरी संदेश, उतरणं थांबलं होतं आणि विरोधक म्हणू लागले होते, याच्या रब्बने याला सोडलं. तेव्हा सूरा आली: चढत्या उन्हाची शपथ, आणि पसरलेल्या शांत रात्रीची, तुझ्या रब्बने तुला सोडलेलं नाही. इब्न कय्यिम म्हणतात, रात्रीच्या अंधारानंतर येणारं ऊन आणि खंडानंतर परतलेली वही, किती जुळतं पाहा. रात्र झाली म्हणून कुणी सूर्य रुसला असं म्हणत नाही. इथे उन्हाला कुणी पूज्य केलेलं नाही. त्याला साक्षीला बोलावलं आहे.

हे बाहेरून चिकटवलेलं नाही, याची खूण ग्रंथातच आहे. 89व्या सूरेत पहाट, दहा रात्री, सम-विषम आणि सरती रात्र यांच्या शपथा झाल्यावर लगेच विचारलं आहे: बुद्धी असणाऱ्यासाठी यात शपथ आहे ना? प्रश्न बुद्धीला आहे. 'श्रद्धेचा मान राखा' म्हणणाऱ्या गृहस्थांनी ही आयत पुन्हा एकदा वाचावी.

अर्थात सांधे शोधण्याचा नाद लागला की माणूस वाहवतोही. म्हणून तबरींचा मला आधार वाटतो. बगदादला 923 साली वारलेले हे भाष्यकार प्रत्येक आयतीवर आधीच्यांची मतं, कुणी कुणाकडून ऐकलं त्या साखळीसह नोंदवतात, मग आपलं सांगतात. 'सम आणि विषम' म्हणजे काय, यावर मतांचा ढीग आहे. कुणी म्हणतं नमाजच्या रकाती (आवर्तनं), कुणी हजचे दिवस, कुणी सगळी सृष्टी सम आणि ईश्वर एक. तबरी सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, ईश्वराने सम-विषमाची शपथ घेतली, पण कोणतं हे ठरवून दिलं नाही. तेव्हा सगळंच त्यात आलं. अंजीर म्हणजे दमिश्कचा डोंगर, जैतून म्हणजे जेरुसलेमचा, असं सांगणारे होते. त्यावर तबरींचं म्हणणं, अरबांना अंजीर म्हणजे खायचं अंजीर आणि जैतून म्हणजे तेल काढतात ते जैतून ठाऊक होतं. त्या नावांचा डोंगर त्यांना ठाऊक नव्हता. जे शब्दांत नाही ते आणायचं तर पुरावा द्या.

आणि घोडे! संपादक महोदय, पत्र लांबतंय हे मला कळतं. कात्री लावायची तर सुयूतींना लावा, पण घोड्यांना नको. 100व्या सूरेत धापा टाकत दौडणाऱ्यांची, टापांनी ठिणग्या उडवणाऱ्यांची, भल्या पहाटे छापा घालणाऱ्यांची शपथ आहे. पण दौडणारे कोण, हे आयतीत लिहिलेलं नाही. तबरींनी नोंदवलेल्या हकिकतीत काबागृहाजवळ बसलेल्या, पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांना एकाने हे विचारलं. ते म्हणाले, लढाईतले घोडे. तो माणूस उठला आणि जमजम विहिरीपाशी बसलेल्या हजरत अलींकडे गेला, त्यांनाही तेच विचारलं. अलींनी विचारलं, आधी कुणाला विचारलंस का? मग इब्न अब्बासांना बोलावणं धाडलं. अली म्हणाले, इस्लाममधली पहिली लढाई बद्रची. तिथे आमच्याकडे दोनच घोडे होते, एक जुबैरचा आणि एक मिकदादचा. कुठले दौडणारे घोडे घेऊन बसलास? हे तर हजच्या वेळी अरफातहून मुजदलिफाकडे जाणारे उंट. इब्न अब्बासांनी आपलं मत सोडून अलींचं धरलं.

इथे कुणालाही वाटेल की विषय संपला. पैगंबरांचे जावई, स्वतः बद्रला लढलेले, आणि समोरचा तरुण चुलतभाऊ मान्यही करतो आहे. तरीही तबरी निकाल घोड्यांच्या बाजूने देतात. कारण? आयतीत धापेसाठी जो शब्द आहे तशी धाप उंट टाकत नाही. एवढंच. थोरामोठ्यांची नावं बाजूला ठेवून जनावराच्या श्वासावर निकाल. ही हकिकत मी दरवर्षी वर्गात सांगत असे आणि दरवर्षी एखादं तरी मूल विचारी, 'म्हणजे अलींचं चुकलं असं म्हणायला चालतं?' तबरींनी म्हटलंय ना, मग चालतं.

पुढच्या काळातल्या भाष्यकारांनी या सूरेतला सांधाही दाखवला. शपथांनंतरची आयत आहे, 'माणूस आपल्या रब्बचा मोठा कृतघ्न आहे'. घोडा दाणापाणी देणाऱ्यासाठी जीव धोक्यात घालून शत्रूच्या घोळक्यात शिरतो. माणसाचं काय? अर्थात हा सांधा घोडे धरले तरच बसतो. उंट धरले तर वेगळा शोधावा लागेल.

103व्या सूरेत काळाची शपथ आहे आणि लगेच विधान, माणूस तोट्यात आहे. राझींनी तिथे कुणा पूर्वसूरीचं बोलणं उतरवलं आहे: या सूरेचा अर्थ मी एका बर्फविक्याकडून शिकलो. तो बाजारात ओरडत होता, 'ज्याचं भांडवल वितळतंय त्याच्यावर दया करा!' काळाची शपथ का, हे विचारणाऱ्याला यापेक्षा जास्त काय सांगणार?

पंडित मंडळींना विषय मिळाला की ती कुठवर जातात, त्याचाही एक मासला. 68वी सूरा लेखणीच्या आणि लिहिणारे जे लिहितात त्याच्या शपथेने सुरू होते. इब्न कय्यिम तिथे 12 लेखण्या मोजून दाखवतात. विधिलिखिताची लेखणी, वहीची, फतवा देणाऱ्यांची, वैद्यांची, राजदरबाराची, हिशेबनिसाची, न्यायाधीशाची, साक्षीदाराची, स्वप्नांचा अर्थ लावणाऱ्याची, इतिहासकाराची, भाषापंडिताची, आणि खोट्याचं खंडन करणाऱ्यांची. सांध्याच्या दृष्टीने यातल्या किती जरुरीच्या, हा प्रश्नच आहे. पण हिशेबनिसालाही या शपथेत जागा मिळाली याचा मला आनंद होतो.

शपथांबद्दल ज्यांना खरंच विचार करायचा आहे त्यांनी ही 68वी सूरा सलग वाचावी. लेखणीच्या शपथेने उघडणारी ही सूरा दहाव्या आयतीत बजावते, ऊठसूट शपथा घेणाऱ्या हलक्या माणसाचं ऐकू नकोस. आणि सतराव्या आयतीपासून त्या बागवाल्यांची गोष्ट येते, ज्यांनी शपथ घेतली होती की सकाळ होताच सगळी फळं उतरवायची, गरिबाला आत येऊ द्यायचं नाही. रातोरात बाग भुईसपाट झाली. साक्षीची शपथ, लबाडाची शपथ आणि लोभ्याची शपथ, तिन्ही एका सूरेत.

आपल्या जवळच्या काळातही हे काम थांबलेलं नाही. आझमगढ जिल्ह्यातले हमीदुद्दीन फराही (1863-1930) यांनी अरबीत शपथांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. राझींनी जे जाता जाता म्हटलं ते त्यांनी पायाशी घेतलं. शपथेचं मूळ थोरवीत नाही, साक्षीत आहे, हे त्यांनी जुन्या अरबी काव्यातले दाखले देऊन मांडलं. इजिप्तच्या आयेशा अब्दुर्रहमान (1913-1998), ज्या 'बिंतुश्शाती' या नावाने लिहीत, त्यांनी जुन्यांना चांगलंच धारेवर धरलं. त्यांचं म्हणणं, प्रत्येक वस्तूची थोरवी सिद्ध करायच्या हट्टापायी तुम्ही ओढाताण केलीत. शपथ डोळ्यांना दिसणारी गोष्ट पुढे करते, ती न दिसणारी गोष्ट उमगावी म्हणून. ऊन आणि रात्र रोजची, त्यावरून वहीचं येणं आणि थांबणं समजून घ्या. निष्कर्ष इब्न कय्यिमच्या जवळ येतो, पण वाट साहित्यसमीक्षेची आहे.

आजकाल व्याख्यानांतून एक तिसराच प्रकार कानावर येतो. 56व्या सूरेत ताऱ्यांच्या ठिकाणांची शपथ आहे, आणि 'तुम्हाला कळत असेल तर ही फार मोठी शपथ आहे' असंही म्हटलं आहे. लगेच प्रकाशवर्षं, कृष्णविवरं सुरू होतात. तबरींनी इथे तारे मावळण्याच्या जागा हा अर्थ पसंत केला. इब्न अब्बासांच्या नावे दुसरा अर्थ आहे: कुरआन टप्प्याटप्प्याने उतरला, ते टप्पे. या दुसऱ्या अर्थाला पुढची आयत आधार देते, कारण शपथ ज्यासाठी घेतली ते विधानच आहे, 'हा सन्माननीय कुरआन आहे'. कृष्णविवरांना तसा आधार पुढच्या आयतीत कुठे मिळतो, ते वक्त्यांनी सांगावं.

शेवटी पहिल्या पत्रलेखकांसाठी. सगळ्यात अवघड प्रश्न तुमच्या नजरेतून सुटला. कुरआनात आठ ठिकाणी शब्द आहेत 'ला उक्सिमु', आणि त्यांचा सरळ अर्थ होतो, 'मी शपथ घेत नाही'. कयामतच्या दिवसाची, मक्का नगरीची, संध्याकाळच्या लालीची, सगळीकडे तेच. जुने व्याकरणकार अबू उबैदा म्हणतात, तो 'ला' (नाही) नुसता भरीचा. दुसरे व्याकरणकार फर्रा यांना हे पटत नाही. त्यांच्या मते 'नाही' हे नाकारणाऱ्यांच्या बोलण्याला उत्तर आहे आणि शपथ त्यानंतर सुरू होते. मक्केच्या वाचनपरंपरेतल्या एका शाखेत 75व्या सूरेच्या सुरुवातीला तो स्वर आखूड वाचतात, की नकारच उरत नाही. आणि राझींनी नोंदवलेलं एक मत असं की नकार खराच आहे: गोष्ट इतकी उघड आहे की तिला शपथेची गरजच नाही. माझा कल फर्रांकडे आहे, कारण 75व्या सूरेत पुढे लगेच 'माणसाला वाटतं का, आम्ही त्याची हाडं गोळा करणार नाही?' असं विचारलं आहे, म्हणजे समोर वाद घालणारा उभा आहेच. पण 90व्या सूरेच्या सुरुवातीला, मक्केच्या शपथेपाशी, असा वाद घालणारा मला दिसत नाही. तिथे फर्रांचं उत्तर कसं लावायचं, यावर पहिल्या पत्रलेखकांनी किंवा आपल्या इतर वाचकांनी लिहावं. आणि संपादकांनी ते छापावं, ही विनंती.

आपली,
अरबीची एक निवृत्त शिक्षिका